वेदीपुढचं डांगर

माळ्यावरची ट्रंक ओढली तशी सगळी धूळ माझ्या डोक्यावर आली. मी खोकत होते, तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. बाबा म्हणजे माझे सासरे, थोमा मास्तर. देवळाच्या मंडळीनं निवडलेल्या पंचांपैकी, म्हणजे ‘वडिलां’पैकी, एक. रविवारची उपासना आटोपून आले होते. काखेत बायबल तसंच होतं.

“कुठं निघालीस, रिबका?”

“ठाऊक असून विचारू नका, बाबा. जालन्याला.”

जालन्याच्या बाजूला एका मिशन दवाखान्यात माझी नर्सची जागा पक्की झाली होती. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. नवऱ्याला ‘चला’ म्हटलं, तर तो म्हणाला होता, “मी तिथं काय करू?” मी म्हटलं, “इथं काय करता?” त्यावर त्याला हसू आलं होतं. त्याचं हसू फार गोड होतं, मेल्याचं. त्याच्यावरच तर भाळले होते मी.

शारोन, आमची सहा वर्षांची पोर, कोपऱ्यात गोधडी पांघरून पडली होती. आदल्या दिवशी सकाळपासून तिला ताप होता. मी तेव्हा गावातल्याच डॉक्टरकडे कामाला होते. जाताना नवऱ्याला बजावलं होतं, दुपारपर्यंत ताप उतरला नाही तर हिला उचलून माझ्याकडे आणा. दवाखाना काही सातासमुद्रापार नव्हता. संध्याकाळी घरी आले तर पोर तापानं फणफणून बरळत होती, ओठ कोरडे ठक्क. आणि हा गडी देवळात पेटीवर नव्या गीताची चाल बसवत होता. “अगं, विसरलोच की,” एवढंच म्हणाला. तेही हसून.

माझं सगळं बोलणं तिथं संपलं होतं. शांतवनला व्यसन असतं तर मी भांडले असते. (नवऱ्याचं नाव घ्यायला मला कधी लाज वाटली नाही, आणि आता सत्तरीत तर कोण विचारतो?) दारू नाही, जुगार नाही, तोंडात शिवी नाही. आवाज असा की म्हाताऱ्याकोताऱ्या पदर डोळ्याला लावायच्या. मंडळीत त्याला कोण काय म्हणणार? पण त्याच्या हातून कुणाला कधी तांब्याभर पाणी मिळालं नाही. खायला काळ अन् भुईला भार, असं माझी आई म्हणायची. जावयाबद्दल म्हणायची, म्हणजे बघा.

बाबा आत आले आणि सरळ ट्रंकेच्या झाकणावर बसले.

“उठा, बाबा. मला कपडे भरायचेत.”

“उठतो. आधी आज पाळकसाहेब कशावर बोलले ते ऐक.”

“मला नको प्रवचन.”

“मळ्यात एक अंजिराचं झाड होतं. मालक येऊन बघायचा, फळ नाही. म्हणाला, तोडून टाका, उगाच जागा अडवून बसलंय. तेव्हा मळेकरी काय म्हणाला?”

“यंदाचं वर्ष राहू द्या, मी खणतो, खत घालतो, म्हणाला. रविवारच्या शाळेत मीच शिकवते ते पोरांना.”

“मग एक वर्ष दे.”

“कुणाला?”

“शांतूला. पण मागतोय मी.”

“आणि पुढच्या वर्षी आलं का हो फळ त्या झाडाला?”

बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “ते प्रभूनं सांगितलं नाही.”

“बघा!”

“सांगितलं नाही, कारण ते झाडावर सोडलंय. पोरी, मीही तरणाताठा होतो तेव्हा असाच होतो. नुसता आयतं खायचो. तुझी सासू राबायची, देव थांबायचा. एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की हे थांबणं फुकट नाही. कुणीतरी आपल्या मुळाशी खणतंय, कुणीतरी डोक्यावरून खत वाहतंय. मग नुसतं हिरवं राहून कसं चालेल? मला कळायला वेळ लागला. त्यालाही लागतोय.”

मला त्या म्हाताऱ्याची माया होती. सासर म्हणून त्या घरात मला काही मिळालं असेल तर ते बाबाच. माझी डबल ड्यूटी असली की चूल तेच पेटवायचे, आणि कुणी पाहिलं तर उगाच खोकायचे.

“बरं,” मी म्हटलं. “पण टोपलीभर फळं मला नकोतच. एक गोष्ट, बाबा. एकच. त्यानं आपणहून करावी, स्वतः सोडून दुसऱ्या कुणासाठी. पुढच्या सुगीच्या सणापर्यंत. नाही झाली तर तुम्ही मला अडवायचं नाही.”

“नाही अडवणार.”

मी जालन्याच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंना कळवलं. त्या मला शिकवणाऱ्या, त्यांनी जागा धरून ठेवली, पण पुन्हा धरणार नाही असंही सांगितलं.

सुगीचा सण म्हणजे आमच्या मंडळीचा मोठा दिवस. पिकं निघाली की प्रत्येक घर आपल्या हातचं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतं. कुणी ज्वारीची कणसं, कुणी कोंबडी, कुणी अंडी. ज्या विधवेला शेत नाही ती स्वतः वळलेल्या केरसुण्या आणते. उपासना झाली की बाहेर पिंपरणीच्या झाडाखाली त्या सगळ्याचा लिलाव होतो. पण एक जुना दंडक होता. विकतचं काही वेदीपुढं ठेवायचं नाही. पैसे टाकायचे तर थाळीत टाका, वेदीपुढं हातचंच पाहिजे. आमच्या घरून दरवर्षी थाळीतच पडायचं. बाबांचं वय झालेलं, माझा दिवस दवाखान्यात जायचा, आणि शांतवनच्या हातचं काय ठेवणार, सूर?

बाबांनी शब्द खरा केला. आधी त्यांनी पाळकसाहेबांच्या हातापाया पडून शांतवनला बोर्डिंगच्या मुलांना गाणं शिकवायला लावलं. आठवडाभर मुलं खूश. मग ह्याचा घसा बसायला लागला. घरी मात्र दिवसभर गुणगुणायचा, तेव्हा घसा ठणठणीत! मुलं दोन रविवार पेटीपाशी वाट बघत बसली आणि मग खेळायला गेली.

मग बाबांनी परसात डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल लावायचं काढलं. परस निवडुंगाच्या कुंपणाआड होतं, बाहेरच्याला दिसायचं नाही. त्या वयात त्यांनी कुदळीनं आळी खणली, शेजारच्या कदमांच्या गोठ्यातून पाटीपाटीनं शेणखत आणलं, बी आणलं. शांतवनला हाताला धरून आळ्यापाशी नेलं आणि त्याच्याच हातानं बी टाकवलं.

“आता रोज पाणी तेवढं घालायचं, शांतू. बाकी काही नाही.”

“एवढंच ना? घालीन की, बाबा.”

मला त्यांनी बाजूला घेऊन ताकीद दिली. “तू पाणी घालायचं नाही. मीही घालणार नाही.”

“पालथ्या घड्यावर पाणी आहे हे, बाबा.”

“घडा सुलटा करायचंच तर चाललंय.”

सुरुवातीला शांतवननं खरंच घातलं. गाणी म्हणत घातलं. वेल सरसर पसरला. मी दवाखान्यातून आले की बाबा मला हात धरून दाखवायला न्यायचे. पिवळीजर्द फुलं आली तेव्हा तर त्यांनी शारोनला खांद्यावर बसवून अंगणभर फिरवलं. खोटं कशाला बोलू, माझंही मन हललं. रात्री निजताना मी शांतवनला म्हटलं, “वेल छान आलाय हं.” तो म्हणाला, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” काय म्हटलं होतं देव जाणे.

पुढं ऊन वाढलं आणि ह्याचं मन उडालं. बाबा पहाटे विहिरीवरून बादली भरून आणायचे आणि आळ्याच्या अगदी कडेला ठेवायचे. नुसती कलंडवायची होती. शांतवन परसातल्या ओट्यावर बसायचा, तिथून हात लांबवला तरी बादली लागेल. दुपारी कावळे येऊन त्या बादलीत आंघोळ करायचे. बाबा दारातून बघत बसायचे, कधी बादलीकडे, कधी पोराकडे. संध्याकाळी त्याच्याशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करायचे. शांतवन प्रार्थना तर काय करायचा! ऐकणाऱ्याला वाटावं, हा उद्यापासून जग उचलणार. सकाळी बादली जिथल्या तिथं.

एकदा मला राहवलं नाही. पानं माना टाकून पडली होती. मी बादली उचलली, तर बाबांनी येऊन माझं मनगट धरलं.

“नको, रिबका.”

“मरेल ना हो!”

“तू घातलंस तर ते तुझं फळ होईल. तुझी फळं मला दिसतात, रोज दिसतात. मला ह्याचं पाहिजे.”

“आणि मेला तर?”

“मरू दे,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी बादली खाली ठेवली. वेल वाळला. शांतवनला आठ दिवसांनी कळलं. “अरेरे,” म्हणाला, “यंदा ऊनच फार.”

सणाच्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले, तर ओट्यावर हे एवढं मोठं डांगर! तांबूस, गोल गरगरीत, ओल्या फडक्यानं पुसलेलं. बाबा शेजारी बसले होते. आदल्या दिवशी ते आठवडी बाजाराला गेले होते आणि पिशवी पाठीशी धरून आले होते, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

“बाबा, हे काय?”

“गप्प राहा,” ते म्हणाले. माझ्याशी इतक्या कडक आवाजात ते कधी बोलले नव्हते.

शांतवन इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आला. डांगर बघून थबकला. बाबा त्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाले, “शांतू, हे आज वेदीपुढं तू ठेव.”

“मी?” शांतवननं डांगराकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग परसाकडे पाहिलं. “बरं,” म्हणाला आणि उचललं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्यानं माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला बाजारातून फळ आणलं आणि वाळक्या वेलाला बांधलं, असं मला वाटलं. वर्षभर ज्या माणसाच्या शब्दावर मी थांबले तो शेवटी बापच निघाला, म्हटलं. देवळापर्यंत मी मुद्दाम मागं राहून चालले. वाटेत लोक भेटत होते, “सलाम, मास्तर”, “सलाम, बाई” करत होते. शांतवनच्या हातातलं डांगर बघून सगळे कौतुक करत होते आणि तो मान लववून हसत होता.

एकेक घर पुढं होऊन आपापलं ठेवत होतं. शांतवननं डांगर ठेवलं तेव्हा देवळात कुजबुज झाली. पाळकसाहेब साधा माणूस, त्यांना भरून आलं.

“शांतवनभाऊ, आज पहिल्यांदा तुमच्या हातचं वेदीपुढं आलंय. मंडळीला दोन शब्द साक्ष सांगा.”

शांतवन उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. खाली बघत राहिला. बाबा पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर होते. ते पुढं वाकले. बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि ओठ हलत होते. मला वाटलं म्हातारा घाबरलाय, आता चोरी उघडी पडणार. क्षणभर, मी खरं सांगते, मलाही काहीतरी आशा वाटली. कशाची, ते कळलं नाही.

मग तो बोलायला लागला.

“बंधुभगिनींनो, मी निष्फळ माणूस होतो.” इथंच तिघीचौघी रडल्या. “पण बाबांनी माझ्या हातात बी दिलं. रोज पहाटे उठून मी त्या वेलाला पाणी घालत होतो. उन्हातान्हात घालत होतो. एके दिवशी बादली कलंडवताना प्रभू माझ्याशी बोलला. म्हणाला, शांतवना, तू ह्या वेलावर जेवढा धीर धरतोस, तेवढाच मी तुझ्यावर धरलाय...”

त्याच्या गालांवरून खरी आसवं ओघळत होती. नाटक नव्हतं हो ते! त्या घटकेला त्याला सगळं खरंच वाटत होतं. मागून कुणीतरी “हालेलुया” म्हणालं, मग सगळेच म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी बाकाची कड सोडली होती आणि ते मागं टेकून बसले होते, डोळे मिटून.

लिलावात डांगरावर चढाओढ लागली. बाबा तिकडं फिरकलेच नाहीत. पाळकसाहेबांच्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळानं घरी आले. मी वाटच बघत होते. शांतवन ताटावर बसला होता.

“कसा बोललो मी?” त्यानं मला विचारलं. “पाळकसाहेब म्हणाले, अशी साक्ष त्यांनी कधी ऐकली नाही.”

“ते डांगर कुणाचं होतं?”

“अगं, कुणाचं का असेना. लोकांना आशीर्वाद मिळाला ना?” असं म्हणून त्यानं आणखी एक भाकरी घेतली.

मी उठून परसात गेले. बाबा वाळलेल्या वेलापाशी बसले होते. माझ्या जिभेला हाड नव्हतंच कधी.

“मला फसवायला आणलंत ना? एक वर्ष झालं, आता बाजारचं फळ दाखवून सूनबाईला आणखी एक वर्ष थोपवू, असंच ना?”

त्यांनी वर पाहिलं. “तुला फसवायला? तुला कशी फसवणार होतो? वेल तुझ्या डोळ्यांदेखत वाळला.”

“मग कशाला आणलं?”

“दंडक त्याला ठाऊक आहे. लहानपणापासून ठाऊक आहे. मला वाटलं, बाकी कुठं नाही तर वेदीपुढं तरी त्याचं मन टोचेल. उठून म्हणेल, हे माझं नाही. बापानं विकत आणलंय. एवढंच फळ मागत होतो मी देवाजवळ, रिबका. ‘हे माझं नाही’, एवढंच.”

मी त्यांच्याशेजारी बसले.

“अहो, पण तो तसं बोलला असता तर मंडळीनं तुम्हाला...”

“वडीलपणावरून काढलं असतं. काढू दे. थुंकले असते. थुंकू दे. घालायला दुसरं खत राहिलं नव्हतं माझ्याकडे. अब्रू तेवढी होती, ती घातली.” त्यांनी एक वाळकं पान मुठीत चुरलं. “तो गप्प उभा होता ना, तेव्हा मला वाटलं, आलं. आता आलं.”

“पाळकसाहेबांकडे कशाला गेला होतात?”

“सगळं सांगायला. वेदीपुढं विकतचं मी आणवलं, पाप माझं. वडीलपणाचं काम सोडलं आजपासून.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू जा, पोरी. मी आता मागत नाही. कोणत्या तोंडानं मागू? शारोनला घे आणि जा.”

“तुम्ही चला आमच्याबरोबर. दोन खोल्या आहेत. तुमचं मी करीन.”

“तू करशील, ठाऊक आहे.” त्यांनी मान हलवली. “तू बायको आहेस, तुला वर्ष मोजून देता येतं. मला नाही येत.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माझ्या बापाच्या मयतीतही मी इतकी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. शांतवनला मी रात्रीच सांगितलं होतं. तो “हं” म्हणाला होता आणि झोपला होता. आता तो ओट्यावर पेटी घेऊन बसला होता. मी शारोनचा हात धरून त्याच्यासमोर उभी राहिले. सामान बाबांनी दाराशी आणून ठेवलं होतं.

“आम्ही निघालो,” मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. मी थांबले. अजूनही तो ‘थांब’ म्हणाला असता, निदान ‘पोरीला जप’ म्हणाला असता, तरी मी सामान आत नेलं असतं. इतकी मी मूर्ख होते. बाबा माझ्या मागं उभे होते आणि त्यांनीही श्वास रोखलाय हे मला कळत होतं.

“निघालात?” शांतवन म्हणाला. “बरं. जायच्या आधी तेवढा चहा टाकून जा.”

मी आत गेले आणि चहा टाकला. आलं ठेचून घातलं, त्याला आवडायचं म्हणून. त्यानं फुंकर मारत मारत प्यायला आणि छान झालाय म्हणाला. बाबांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. शारोन जाऊन त्यांच्या गळ्यात पडली, तशी तो म्हातारा माणूस मोठ्यानं, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

“बाबा, सोडा तिला,” शांतवन म्हणाला. “गाडी चुकेल त्यांची.”

गाडी चुकली नाही.